बीरप्पाचा पहिला बर्फ

आमची पलटण काश्मिरात पोचली तेव्हा हैदराबादच्या पोलिस अ‍ॅक्शनला तीन वर्षं होत आली होती. लढाई थांबलेली होती, पण दोन्ही बाजूंची पिकेटं, म्हणजे चौक्या, डोंगरांवर समोरासमोर बसून होती. पलटणीत दख्खनचे लोक जास्त. काही सातारा-सोलापूरकडचे जुने जवान, आणि काही हैदराबाद राज्यातून नव्याने भरती झालेले आमच्यासारखे. मी बीदर जिल्ह्यातल्या मंठाळचा. उर्दूतून मॅट्रिक झालो होतो, म्हणून सिकंदराबादला भरतीच्या वेळी मला सिग्नल प्लाटूनला घातलं. ट्रंकेत दोन-चार पुस्तकं असायची. त्यावरून पलटणीत माझं नाव 'मास्तर' पडलं. नोकरी संपल्यावर मी खरोखरच शाळेत मास्तर झालो, पण त्याचा या आठवणीशी संबंध नाही.

लान्स नायक बीरप्पा कोहिनूरचा. कोहिनूर आमच्या मंठाळहून काही फार लांब नाही, तरी आमची ओळख झाली ती सिकंदराबादच्या बराकीत. तो धनगराचा मुलगा. भरती होईपर्यंत वडिलांच्या मेंढरांमागे गुलबर्ग्याच्या रानापासून मांजरा नदीपर्यंत फिरलेला. चालण्यात त्याला कोणी हरवत नसे. म्हणून त्याला लाइनमन केलं. दोन पिकेटांच्या मध्ये टेलिफोनची केबल जमिनीवर, दगडांवरून टाकलेली असते. ती तुटली की लाइनमनने केबलच्या कडेने चालत जायचं, तुटलेली जागा शोधायची आणि जोडायची. बरोबर चामड्याच्या पिशवीतला फिल्ड टेलिफोन असतो. वाटेत कुठेही तो केबलला जोडून बोलता येतं.

आम्ही वरच्या पिकेटवर होतो. तीसेक माणसं, दगड आणि ओंडक्यांचे बंकर, आणि प्रमुख म्हणून साताऱ्याकडचे सुभेदार साहेब. खालचं पिकेट तीन तासांच्या उतारावर होतं. तिथपर्यंत खेचरं येत. हिवाळ्याचं रेशन, जाड कोट, बर्फात घालायचे बूट असं सगळं खालच्या पिकेटवर येऊन पडलेलं होतं आणि हळूहळू वर यायचं होतं. बर्फ दिवाळीनंतर, असा सगळ्यांचा हिशेब. माझं काम टेलिफोन आणि वायरलेस सेट सांभाळण्याचं. सेटच्या बॅटऱ्या लवकर बसत, म्हणून वायरलेस फक्त सकाळ-संध्याकाळ, बटालियनशी बोलायला. बाकी सगळा कारभार केबलवर.

दिवस एकसारखे जात. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर उभं राहणं, मग चहा, मग लाकूड आणणं, बंकरची डागडुजी, दुपारी हत्यारं साफ करणं. संध्याकाळी हवालदार प्रेमसिंग आम्हाला बर्फाचे धडे देत. ते चंब्याकडचे डोंगरी गृहस्थ. हिवाळ्यापुरते आमच्याकडे दिलेले होते. दिसायला किरकोळ, आवाज बारीक. रोज तेच सांगत.

"गीला जूता उतार दो. और बर्फ गिरे तो बैठना नहीं. चलते रहो, जब तक छत न मिले. जो बैठा, वो गया."

आम्ही ऐकत होतो. पण कधी न पाहिलेल्या गावाची वाट कोणी सांगावी आणि आपण मान हलवावी, तसं ते ऐकणं होतं.

दसरा झाला. आपटा तिथे कुठून मिळणार. कुठल्याशा झाडाची पानं एकमेकांना देऊन आम्ही सोनं म्हटलं. त्यानंतर चौथ्या दिवशी बर्फ पडला.

पहाटे स्टँड-टूच्या आधी सेंट्रीवर गुंडप्पा होता. हा आमच्याच जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीचा. हमरस्त्यावर त्याच्या बापाचं चहाचं हॉटेल होतं, त्यामुळे बोलण्यात तरबेज. त्याने माझ्या बंकरच्या दारातून डोकं आत घातलं.

"मास्तर, बाहेर या. पिंजाऱ्याचं घर फुटलंय."

बाहेर आलो. उजेड नुकता होत होता. वरून पांढरं काहीतरी उतरत होतं. पडत होतं असं म्हणता येणार नाही, इतकं ते सावकाश येत होतं. पहिल्यांदा लक्षात आली ती शांतता. आमच्या मुलखात आभाळातून जे काही येतं ते आवाज करत येतं. गारा आल्या की पत्र्यावर दगडफेक झाल्यासारखं होतं, बाया भांडी आत घेतात, कुत्री ओट्याखाली पळतात. इथे डोंगरच्या डोंगर पांढरे होत होते आणि माझं मनगटावरचं घड्याळ मला ऐकू येत होतं. काल संध्याकाळी जिथे काळे खडक आणि वाळलेलं गवत होतं तिथे कसलीही कड, कसलाही कोपरा उरला नव्हता. झाडांच्या एकेका सुईवर बर्फाची रेघ बसलेली होती. समोरच्या डोंगरावरचं दुसऱ्या बाजूचं पिकेटही दिसत नव्हतं. इथे आल्यापासून पहिल्यांदाच आमच्यासमोर कोणी नव्हतं.

बीरप्पा आला. ग्रेटकोटावर त्याने आपलं काळं घोंगडं घेतलेलं होतं. ते घरून आणलेलं होतं, चिंचोक्याची खळ दिलेलं, पुठ्ठ्यासारखं कडक. त्याने ओंजळ पुढे केली. जमलेला बर्फ तोंडात टाकला.

"गोड न्हाई," तो म्हणाला.

"मग काय, गुळाचं पडंल का?" गुंडप्पा म्हणाला. तेवढ्यात त्याला काय आठवलं कोण जाणे. त्याने भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि अंगणात टाकावं तसं पुढे टाकलं. आमच्याकडे गारा पडायला लागल्या की विळा नाहीतर कुऱ्हाड अंगणात फेकतात. लोखंड पाहिलं की गारा थांबतात असं म्हणतात.

बीरप्पाने जाऊन फावडं उचलून आणलं. "कामून थांबवायलास? पडू दे की."

"सवय हो अण्णा."

मागून सुभेदार साहेबांचा आवाज आला. "फावडं सरकारी आहे, गुंडप्पा. देवाला वाहायचं नाही."

सगळे हसले. साहेबही हसले. मग आम्हा सगळ्यांना आश्चर्य वाटावं अशी एक गोष्ट झाली. साहेबांनी खाली वाकून मूठभर बर्फ उचलला, दाबून गोळा केला आणि चहाची किटली घेऊन येणाऱ्या लंगरच्या माणसाच्या पाठीवर मारला. त्यानंतर अर्धा तास पिकेटवर शिस्त अशी राहिली नाही. तीस-तीस वर्षांचे लोक एकमेकांच्या कॉलरीत बर्फ घालत होते. सोलापूरच्या एकाने बर्फाची पिंड केली आणि तिच्यावर चहाच ओतला.

बीरप्पा त्यात नव्हता. तो कडेला उभा राहून उताराकडे बघत होता. दख्खनची मेंढरं काळी असतात. धनगराच्या कळपात पांढरं कोकरू जन्मलं की त्याचं कौतुक होतं.

"आमच्या अख्ख्या कळपात एकच पांढरी मेंढी होती मास्तर," तो म्हणाला. "आता बघा. सगळा डोंगर पांढऱ्या मेंढरांचा बसलाय. एकाला एक लागून."

प्रेमसिंग खाली बघतच नव्हते. ते आभाळाकडे बघत होते. "बहुत जल्दी आ गई," एवढंच म्हणाले.

आठच्या सुमारास बर्फ थांबला आणि ऊन पडलं. ते ऊन डोळ्यांना सोसत नव्हतं. मी खालच्या पिकेटला रोजचा कॉल लावला. हँडल फिरवलं. उत्तर नाही. पुन्हा फिरवलं. केबल कुठेतरी तुटली होती. सेटवर बटालियन मिळते का पाहिलं. खरखरीशिवाय काही ऐकू येईना.

मी सुभेदार साहेबांना रिपोर्ट दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे खालून खेचरांचा ताफा निघायचा होता. वाट अरुंद, एका बाजूला नाला. खेचरांबरोबर आठ माणसं. वर किती बर्फ आहे हे खाली कोणाला माहीत नव्हतं. त्यांना थांबवायचं तर केबल आजच जोडायला हवी होती.

प्रेमसिंग म्हणाले, "साब, कल तक रुक जाइए. मौसम अभी बना नहीं है."

"उद्यापर्यंत थांबलो तर खेचरं वाटेला लागतील."

साहेबांनी केबल जोडायला दोन माणसं पाठवायचा हुकूम दिला. आज इतक्या वर्षांनी मी तो हुकूम पुनःपुन्हा तपासून पाहतो. त्या सकाळच्या उन्हात उभा असलेला कोणताही अधिकारी तोच हुकूम देईल, असंच मला वाटतं.

लाइन पार्टी म्हणून बीरप्पा आणि गुंडप्पा. जायला मिळालं म्हणून बीरप्पा खूष होता. त्याने टेलिफोन खांद्याला अडकवला, घोंगडं वरून घेतलं.

"तुमी बसा मास्तर पुस्तकं वाचत. मी पांढऱ्या मेंढरांच्या मधातून चालून येतो."

"बूट बघ तुझे."

"हायत तेच हायत."

ते खरं होतं. बर्फाचे बूट खालच्या पिकेटवर होते.

अधूनमधून तो टेलिफोन जोडून लाइन तपासायचा. घंटा वाजायची, मी रिसीव्हर उचलायचो.

"हॅलो वर. लाइन पार्टी. कसं ऐकू येतंय?"

"स्पष्ट. फॉल्ट सापडला?"

"अजून न्हाई. मास्तर, हितं कोल्ह्याची पावलं उमटल्यात. सरळ एका रेषेत गेलंय बघा, शिवणीच्या टाक्यागत."

पुढच्या वेळी म्हणाला, "गुंड्या कमरेइतका आत गेलता. ओढून काढलो. शिव्या घालायलाय बर्फाला."

मागून गुंडप्पा ओरडल्याचं ऐकू आलं, "बर्फाला न्हाई, तुमाला घालायलोय."

फॉल्ट उतारावर सापडला. झाडाची फांदी बर्फाच्या भाराने मोडून केबलवर पडली होती. त्यांनी ती हलवली, दोन्ही टोकं सोलून जोडली, टेप गुंडाळली. दुपारी साडेबाराला खालचं पिकेट लाइनवर आलं. मी निरोप दिला, "खेचरं सोडू नका. वर बर्फ आहे. पुढचा हुकूम येईपर्यंत थांबा." खालच्या ऑपरेटरने निरोप वाचून दाखवला. मी "रॉजर" म्हटलं. सुभेदार साहेबांनी खिशातली बिडी काढली.

ती पेटवायच्या आत ऊन गेलं.

या वेळचा बर्फ सकाळसारखा नव्हता. वारा होता आणि बर्फ आडवा येत होता. बंकरच्या दारातून पाच हातांवरचं काही दिसेना. मी लाइन पार्टीच्या घंटेची वाट बघत बसलो. घंटा वाजली तेव्हा दीड वाजून गेला होता.

"मास्तर, लई पडायलंय. फुडचं दिसंना. आमी बसलोय."

"कुठं?"

"मोठ्या दगडाच्या आडाला. दोघांवर घोंगडं घेतलंय. थांबंल आता."

त्याच्या आवाजात काळजी नव्हती. मला ते लगेच कळलं, कारण मी त्याच मातीतला. आमच्या रानात धनगर उघड्यावर असतो आणि गारा येतात. तेव्हा पळायचं नसतं. जिथे आहे तिथे बसायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, घोंगड्याची खोळ डोक्यावरून ओढायची. मेंढरंही एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गप्प उभी राहतात. गारा येतात तशा जातात. चिलीम ओढून होईपर्यंत ऊन पडतं. आमच्याकडे आभाळातून येणारं काहीच टिकत नाही. हे कोणी शिकवलेलं नसतं, ते अंगातच असतं.

मी रिसीव्हर प्रेमसिंगांच्या हातात दिला.

"उठो!" ते ओरडले. "बैठो मत! सुन रहे हो? उठो, चलो!"

मग सुभेदार साहेबांनी घेतला. "लान्स नायक बीरप्पा. केबल हातात धरून वर या. हुकूम आहे."

मला शेजारी ऐकू येत होतं. "जी साहेब. जरा उघडीप झाली की निघतो."

"उघडीप होणार नाही. आत्ता निघा."

"जी साहेब."

पण साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तो उठलेला नाही हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. "तुझ्या भाषेत सांग त्याला."

मी म्हणालो, "बीरप्पा, ऐक. ह्या गारा न्हाईत. गारा थांबत्यात. हे थांबत न्हाई. दोन-दोन दिवस पडतंय म्हणं हे."

तो म्हणाला, "दोन दिवस?"

"व्हय."

"येका दमात?"

"व्हय. उठ."

केबलवरून वाऱ्याचा आवाज येत होता. त्यात काही खुडबुड ऐकू आली. मग गुंडप्पाचं काहीतरी बोलणं. मग पुन्हा बीरप्पा.

"मास्तर, पाय येईनात. बूट भिजल्यात. लाकडागत झालेत पाय. गुंड्याला वर लावून दिलोय. त्यो तारंला धरून येतोय. चांगला हाय त्यो, येईल."

"आणि तू?"

"येतो की. पायात जरा जीव येऊ दे."

प्रेमसिंग तोवर दोर खांद्यावर टाकून तयार होते. चार माणसं घेऊन ते केबलच्या कडेने उतरले. सुभेदार साहेब माझ्याजवळ पेटीवर बसले. "मास्तर, त्याला झोपू देऊ नको. काय वाट्टेल ते बोल."

काय वाट्टेल ते बोलणं सोपं नसतं. मी त्याला विचारलं, पावसाळा संपला की तुमचं मेंढरांचं खांडं कुठून कुठे जातं? तो सांगायला लागला. कोहिनूरचं रान, मग आमचं मंठाळ, मग आमच्या बीदरकडच्या कल्याणच्या तळ्यावर एक मुक्काम. कुठला शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतो आणि कोण कुत्री सोडतो.

"तुमच्या मंठाळात एक म्हातारा हाय," तो म्हणाला. "खताला मेंढरं बशीव म्हणतो आणि सकाळी भाकरीचं नाव घेत न्हाई."

"नाव सांग त्याचं."

"सांगत न्हाई. तुमचा पाव्हणा निघायचा."

मी हसलो. साहेबांनी हाताने खूण केली, चालू ठेव.

"आता काय दिसायलंय तुला?" मी विचारलं.

"लांबचं काईच न्हाई. जवळचं दिसतंय. मास्तर, घोंगड्यावर एकेक येऊन बसायलंय. काळ्यावर नीट दिसतंय. फूल हाय हो हे. पाकळ्या हायत. एकासारखं एक न्हाई. आमच्या घरातली दारात रांगोळी घालतीय, तशी नाजूक. फुंकलं की उडतंय." मग थोड्या वेळाने, "घरी दाखवायला पायजे होतं. पण न्यायचं कशात हे?"

त्याचा आवाज जड होत चालला होता. शब्दांमध्ये अंतर पडत होतं. मी दर वेळी त्याचं नाव घेऊन हाक मारत होतो. तो "व्हय" म्हणत होता.

मग तो म्हणाला, "आता गरम व्हायलंय मास्तर. कोट काढू का?"

सुभेदार साहेब उठून उभे राहिले. बर्फात गरम वाटायला लागलं की माणूस हातचा जातो, हे प्रेमसिंगांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"काढू नको. बीरप्पा, उठ."

"उठतो."

"आत्ता उठ. माझ्याशी बोलत उठ."

बराच वेळ फक्त वारा. मग धापा टाकल्यासारखा आवाज. "उठलो बघा."

"चाल."

"कसं चालू. तार हितं जोडलीय फोनला. चालायचं तर फोन काढावा लागंल."

मी साहेबांकडे बघितलं. फोन काढला तर तो कुठे आहे, जागा आहे की नाही, हे आम्हाला कळणार नव्हतं. नाही काढला तर तो दगडापाशीच राहणार होता. साहेबांनी फार वेळ घेतला नाही.

"काढू दे. चालू दे त्याला."

"बीरप्पा, फोन काढ. तार हातात धर आणि वर चाल. प्रेमसिंग खाली यायलेत, वाटेत भेटतील. दमलास की परत जोड आणि बोल."

"बरं. ठेवतो मास्तर."

लाइनवर टक् असा आवाज झाला. मी रिसीव्हर कानाला धरून बसलो. घंटा पुन्हा वाजली नाही.

गुंडप्पा प्रेमसिंगांना अर्ध्या वाटेवर भेटला. बरोबरच्या चौघांतल्या दोघांनी त्याला वर आणला. पुढे त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. प्रेमसिंग उरलेल्या दोघांना घेऊन खाली गेले आणि उजेड जायच्या आत बीरप्पाला घेऊन आले. तो गेलेला होता. त्यांनी रिपोर्ट दिला तो उभ्याने, टोपी हातात घेऊन. बीरप्पा त्यांना दगडापाशी सापडला नाही. दगडापासून बराच वर, वाट वळते तिथे सापडला. मागे बर्फात निम्मी बुजलेली वाट दिसत होती. सुरुवातीला पावलांची, मग गुडघ्यांची. तोंड पिकेटच्या दिशेने. हातात केबल होती आणि बोटं सोडवायला वेळ लागला.

बर्फ आणखी दोन दिवस पडत राहिला. तिसऱ्या दिवशी आम्ही बंकरसाठी जमवलेल्या ओंडक्यांची चिता रचली. खेचरं खालीच थांबली होती. आठही माणसं सुखरूप होती.

मला रजा मिळाली ती उन्हाळ्यात. हैदराबादहून येणारी बस मन्नाएखेळ्ळीला थांबली. गुंडप्पा पेन्शनीवर घरी आला होता. बापाच्या हॉटेलात गल्ल्यावर बसला होता. मी म्हटलं, कोहिनूरला निघालोय, चल. तो गल्ल्यातलं काहीतरी सारखं करत राहिला.

"मी न्हाई येत मास्तर. त्याचं घोंगडं निम्मं माझ्यावर होतं."

मी एकटा गेलो. बीरप्पाचं घर गावाच्या कडेला. वडील मायप्पा, आई आणि बायको शेवंता. तार आली तेव्हा ती पोस्टातल्या माणसाने वाचून दाखवली होती. कर्तव्यावर असताना बर्फाच्या वादळात मृत्यू, एवढंच तीत होतं. बर्फ म्हणजे काय हे त्या घरात कोणाला माहीत नव्हतं. गुलबर्ग्याच्या बाजारात सरबतात घालतात तो, असं कोणीतरी सांगितलेलं.

शेवंता दाराआड उभी होती. तिने विचारलं, "कसं असतंय ते?"

मी तिला सांगितलं. सकाळी ते कसं आलं, आवाज न करता. डोंगर कसा दिसत होता. काळ्या घोंगड्यावर एकेक फूल कसं बसत होतं आणि त्याला दारातली रांगोळी कशी आठवली.

"म्हंजी नीट बघितलं त्यांनी," शेवटी ती म्हणाली.

"बघितलं."

ती आत गेली.

मायप्पा मला सोडायला शिवेपर्यंत आले. काठी टेकत चालत होते. बाभळीखाली थांबले.

"मास्तर, येक इचारतो. बसलाता का त्यो?"

बसमध्ये मी ठरवलं होतं की हे सांगायचं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघितल्यावर खोटं बोलवेना.

"बसला होता, अप्पा."

त्यांनी मान हलवली. "मीच सांगितलो होतो त्याला. ल्हान असताना गारांत पळाला, डोकं फुटून घेतलं. मारलो त्याला. म्हणालो, पळायचं न्हाई, बसायचं. थांबतंय ते. तवापासून कवा पळाला न्हाई."

"बसला होता. पण उठला," मी म्हणालो. "पायात जीव नव्हता तरी उठला. दगडापासून वळणापर्यंत वर आला."

"चालत?"

"थोडं चालत. थोडं गुडघ्यावर."

"मला बरं वाटावं म्हणून सांगायलाव."

"न्हाई अप्पा. आमच्या हवालदारानं त्याची वाट बघितली बर्फात. त्याला खोटं बोलायचं काय कारण?"

ते रानाकडे वळले. मग म्हणाले, "उद्या कल्याणला यायलाव का माझ्यासंगं? सोनाराकडं जायचंय."

आमच्या भागात घरातलं माणूस असं अवेळी गेलं की त्याचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेली लहानशी मूर्ती. ती देव्हाऱ्यात कुलदैवताच्या शेजारी ठेवतात आणि सणावाराला तिला नैवेद्य दाखवतात. सहा-सात महिने मायप्पांनी तो केला नव्हता. का केला नव्हता ते मी विचारलं नाही.

कल्याणच्या सोनाराने दोन ठसे पुढे ठेवले. एक मांडी घालून बसलेल्या माणसाचा, हातात काठी. दुसरा घोड्यावरचा.

"धनगराला हा बसलेला देतो मी," सोनार म्हणाला.

"बसलेला नगं."

"मग घोड्यावरचा घ्या. शिपाई होता म्हणता, वीराला शोभतो."

"घोडा कुठला त्याला. उभा काढा."

"उभ्याचा ठसा न्हाई माझ्याकडं, अप्पा."

"मग हातानं काढा. मी थांबतो."

सोनाराने माझ्याकडे बघितलं. त्याने पत्रा लाखेवर बसवला आणि बारीक छिन्नी घेतली. काम दिवसभर चाललं. मी ओट्यावर टेकलो होतो. सोनाराच्या बायकोने पाणी आणून दिलं, दोनदा म्हणाली, अप्पा, बसा की. मायप्पा काठीला धरून उभे राहिले. दुपार झाली, ऊन ओट्यावरून सरकलं, तरी बसले नाहीत.

टाक तयार झाला तेव्हा सोनाराने तो चिंचेच्या पाण्याने घासून त्यांच्या हातात दिला. दोन बोटं उंचीचा. चेहरा कोणाचाही असावा असा होता, बीरप्पाचा नव्हता. मायप्पांनी चेहरा बघितलाच नाही. अंगठ्याने पाय चाचपले. दोन्ही पाय सरळ होते, खाली टेकलेले. त्यांनी टाक पटक्याच्या टोकात बांधला आणि आम्ही कोहिनूरच्या वाटेला लागलो.